भुंडीचं गालबोट

हैबतरावांनी दोन दुभत्या म्हशी विकून मोटार आणली, तेव्हा उरवड्यात त्यांच्या बायकोच्याही आधी कुणी कपाळाला हात लावला असेल, तर तो त्यांच्या घरचं दूध पुण्याला घालणाऱ्या गवळ्यानं. म्हशी गेल्या आणि बदल्यात आली ती मोटार तरी कसली, तर वर छप्पर नाही, मागं बसायला जागा नाही, भाताचं एक पोतं टाकायची सोय नाही. दोनच माणसं बसायची, तीही पाय लांब सोडून, न्हाणीतल्या टबात बसल्यासारखी. दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी. चाकं सायकलीसारखी तारांची. नाक मात्र लांबलचक.

ही गोष्ट बावन्न सालातली. मी नथू शिंपी. पौडला कचेरीसमोर माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक बाकडं आणि त्या बाकड्यावर फुकट बसायला येणारी माणसं. या फुकट्यांत हैबतरावांचा पहिला नंबर. माणूस घरचा खाऊन-पिऊन सुखी, भाताची खाचरं होती, बैल होते. लढाईत ते लष्करात भरती होऊन बसऱ्याकडं ट्रक हाकून आले होते. परत आल्यावर धरणावरच्या एका गोऱ्या साहेबाकडं ड्रायव्हर म्हणून राहिले. साहेबाची मोठी गाडी हे चालवायचे. ही छोटी गाडी साहेब स्वतः चालवायचा आणि हैबतरावांनी ती फक्त धुवायची. पुढं साहेब विलायतेला परत निघाला. गाडी नादुरुस्त होऊन बंगल्यामागं पडली होती, ती तो भंगारात घालणार होता. हैबतरावांना ते बघवलं नाही.

गाडी बैलांनी ओढून दारात आणली, तेव्हा त्यांची आत्या गोजराबाई ओट्यावर बसली होती. तिच्या सासरची सगळी खाचरं धरणाच्या पाण्याखाली गेलेली. ती म्हणाली, "ज्यांच्या पाण्यात आपली जिमीन गेली, त्यांची गाडी आनून दारात बांधलीस व्हय रं?"

हैबतराव म्हणाले, "आत्या, ही काय सायबानं केली न्हाई. केली आसंल कुन्या सुतारानं, कुन्या लव्हारानं. त्येंनी कुटं आपली जिमीन बुडवली?"

आत्याला ते पटलं नाही आणि मरेपर्यंत ती त्या गाडीत बसली नाही. पण हैबतरावांचं सगळं वेड त्या एका वाक्यात होतं, हे मला फार उशिरा कळलं.

गाडीचं नाव म्हसू धनगरानं ठेवलं. त्याची मेंढरं उरवड्याच्या माळावर बसायची. गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "ही तर भुंडी हाय." शिंगं नसलेल्या जनावराला आमच्याकडं भुंडं म्हणतात आणि या गाडीच्या डोक्यावर तर काहीच नव्हतं. तेव्हापासून ती भुंडी. विलायतेतल्या कंपनीनं तिला काय नाव दिलं होतं ते तिच्या नाकावर लिहिलेलं होतं, पण आमच्या भागात ते कुणी उच्चारलं नाही.

नाव ठेवून म्हसू थांबला असता तर हैबतराव गाडी दुरुस्त करून मोकळे झाले असते. पण त्या वर्षी म्हसूची एक मेंढी दुसऱ्याच्या कळपात मिसळली आणि तिच्यावरून मोठा वाद झाला. दोघांनीही मेंढ्यांच्या कानाला सारखाच काप मारलेला. चार माणसं जमली, त्यांत हैबतराव. म्हसूनं कानाकडं बघितलंच नाही. त्यानं मेंढीचं तोंड उघडून टाळूवरचा काळा ठिपका दाखवला आणि मेंढी घेऊन गेला. जाताना हैबतरावांना म्हणाला, "कानाचा काप कुनी बी मारतंय पाटील. दिल्याली खून इकडची तिकडं व्हती. जल्माची खून देता येत न्हाई आन् काडून घेता येत न्हाई."

झालं. हैबतरावांनी हे वाक्य घरी नेलं आणि गाडीला लावलं. या गाडीवर जन्माचं काय आणि मागाहून दिलेलं काय, हे शोधल्याशिवाय तिच्यात हात घालायचा नाही असं त्यांनी ठरवलं. माणसं देवाचं इतकं करत नाहीत. आधी त्यांनी नखाएवढ्या जागेत रंग खरवडला. वर हिरवा, त्याखाली लाल, त्याखाली काळा आणि त्याखाली पत्रा. म्हणजे काळा जन्माचा, हिरवा-लाल साहेबलोकांच्या हौसेचा. मग मागचे दिवे. दोन दिवे होते, पण डावीकडच्या दिव्याची तार वेगळी, ओबडधोबड जोडलेली. म्हणजे जन्माला एकच दिवा. त्यांनी दुसरा दिवा काढून कोनाड्यात ठेवला. शेजारी म्हणाले, हैबतराव गाडी दुरुस्त करतायत की मोडतायत?

एक दिवस ते गाडीची गादी खांद्यावर टाकून माझ्या दुकानात आले. मी लग्नसराईच्या कामात बुडालेलो. म्हणालो, "हैबतराव, नवरदेवाचा कोट बाजूला ठेवून तुमची गादी उसवू का?"

"उसव," ते म्हणाले. "वरचं रेग्झीन दिल्यालं हाय. खाली काय हाय बग."

काम पटकन संपवावं म्हणून मी चिडून ब्लेड घातलं. रेग्झीन सुटलं आणि खाली कातडं निघालं, दुधात हळद कालवावी तसल्या रंगाचं. त्याच्यावर उभ्या पन्हाळ्या शिवलेल्या, सगळ्या एका मापाच्या. मी ब्लेड खाली ठेवलं. शेवटच्या पन्हाळीपाशी दोरा संपलेला होता आणि त्या शिंप्यानं तो मागं वळवून, तीन टाके उलटे घेऊन, गाठ आतल्या बाजूला दडवली होती. माझ्या बापानं मला गाठ अशीच मारायला शिकवली होती. गाठ वरून दिसली तर तो कानफटात द्यायचा. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात बसलेल्या माणसाचा बापही त्याला तसाच मारत असेल, असं मनात आलं आणि अंगावर काटा आला. मी खरंच सांगतो, मशीनवर बसून मला जन्मात कधी असं झालं नव्हतं. नवरदेवाचा कोट त्या दिवशी झाला नाही.

त्यानंतर मी हैबतरावांची चेष्टा करायचं सोडलं असं नाही, पण चेष्टा करता करता मी त्यांच्या पार्टीत गेलो.

या गाडीचं खरं रहस्य वेगळंच होतं. तिला लोखंडी म्हणावं तर ती लाकडी होती. खाली लोखंडी सांगाडा, त्याला मिस्त्रीलोक चासी म्हणतात. त्या चासीवर इंजिन आणि चाकं. पण वर बसायची जी बॉडी, ती लाकडाची चौकट करून तिच्यावर पत्रा मढवलेला. घराला तुळया-वासे असावेत तशी ती बॉडी आतून होती. हैबतराव तासन्‌तास तिच्यात डोकं घालून पडायचे. लाकूड कुठं जोडलंय, कुठं खाच पाडलीय, कुठं सरस भरलाय, हे बोटांनी चाचपायचे. बाहेर आले की त्यांचा चेहरा गाभाऱ्यातून आल्यासारखा.

असंच एकदा चाचपताना गादीमागच्या आडव्या लाकडात त्यांच्या बोटाला एक गोल लागला. दिवा धरून बघितलं. कुणीतरी तिथं गिरमिटानं भोक पाडलं होतं, ते चुकीच्या जागी पडलं म्हणून त्यात लाकडाची खुंटी ठोकून वरून सपाट केलं होतं आणि बोटभर पलीकडं बरोबर जागी दुसरं भोक पाडून स्क्रू मारला होता. खुंटीच्या लाकडाच्या रेषा आसपासच्या रेषांशी जुळवून बसवलेल्या, त्यामुळं डोळ्यांना ती जवळपास दिसतच नव्हती.

त्यांनी बायकोला हाक मारली. चंद्राबाई पिठाच्या हातानं आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "चूक कसली? गालबोट हाय ते. एवडी देखनी वस्तू केली, तर दिष्ट लागू न्हाई म्हून केलं आसंल त्येनं."

आता सुतारांच्या चुका कुठं होत नाहीत? पण हे हैबतरावांना कुणी सांगायचं? त्यांना बायकोचं बोलणं शंभर टक्के पटलं. पोराला नटवलं की गालावर काजळाचं बोट लावायचं, नवी इमारत झाली की कुठंतरी काळी बाहुली टांगायची, तसं विलायतेतले कारागीरसुद्धा प्रत्येक गाडीला एक गालबोट लावून मगच कारखान्याबाहेर सोडतात, असं त्यांनी ठाम धरून टाकलं. आणि एकदा धरल्यावर त्यांना प्रश्न पडला, बाकीच्या गाड्यांची गालबोटं कुठं असतील?

मग सुरू झाल्या पुण्याच्या फेऱ्या. त्या जातीच्या गाड्या पुण्यात मोजक्याच होत्या. हैबतराव एस.टी.नं जायचे, लष्कर भागात कोपऱ्यावर उभे राहायचे, तसली गाडी दिसली की तिच्यामागं चालायला लागायचे. एका ठिकाणी माळ्यानं त्यांना हाकललं, एका ठिकाणी कुत्रं सोडलं. तरीही जे दिसलं ते बघून यायचे आणि माझ्या बाकड्यावर बसून सांगायचे. एकीला मागं दोन दिवे जन्मापासूनचेच आहेत, म्हणजे मागाहून कंपनीनं पद्धत बदलली असणार. एकीच्या समोरच्या फळीला कातडं लावलंय, तर भुंडीची फळी नुसती लाकडाची. एकाच आईच्या पोरी, पण एकीसारखी दुसरी नाही. "नथू, ह्या साच्यातनं काडल्याल्या न्हाईत रं," ते म्हणायचे. "हातानं केल्यात. हात काय रोज येक न्हाई ऱ्हात." आणि समोरच्या कचेरीकडं बघत बसायचे. गिऱ्हाईक आलं तरी सरकायचे नाहीत.

अशाच एका फेरीत ते डॉक्टर खांबेट्यांना सापडले. सापडले म्हणजे अक्षरशः सापडले. डॉक्टर सदाशिव पेठेतले, वयस्क, दवाखाना नदीकडच्या बाजूला. ते पेशंट बघून बाहेर आले, तर त्यांच्या गाडीच्या बॉडीत एक फेटेवाला माणूस कंबरेपर्यंत घुसलेला, पाय बाहेर.

डॉक्टरांनी विचारलं, "काय हरवलंय?"

आतून आवाज आला, "गालबोट हुडकतोय."

दुसऱ्या कुणी पोलीस बोलावला असता. डॉक्टरांनी खुर्ची मागवली. हैबतरावांनी बाहेर येऊन सगळी कथा सांगितली आणि शेवटी ओशाळून म्हणाले की तुमच्या गाडीला गालबोट नाही. डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. मग म्हणाले, "हैबतराव, तो बिचारा चुकला असेल. पण तुमच्या घरच्यांचं म्हणणं मला जास्त आवडलं."

त्या दिवसापासून दोघांचं मैत्र जुळलं. डॉक्टरांची गाडी भुंडीनंतर थोड्याच काळानं झालेली. महिन्यातून एकदा दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून हे दोघं वाकून बघत बसायचे. तोवर हैबतरावांनी भुंडीला जन्माचा काळा रंग देऊन तिला चालती केली होती. वेगाच्या घड्याळाशेजारी तिला एक बारकासा हिरवा दिवा होता. वीस मैलांच्या वर गेलं की तो लागायचा आणि तिशी ओलांडली की विझायचा, म्हणजे गावातून जाताना माणसानं दिवा विझू द्यायचा नाही. ज्यानं हे सुचवलं त्याला रस्त्यावरच्या पोरांची काळजी होती, असं हैबतराव म्हणायचे. पिरंगुटच्या घाटातून एकदा त्यांनी मला आणलं. वाऱ्यानं टोपी उडाली, ती अजून सापडली नाही. डोक्यावर सगळं आभाळ आणि पुढं ते लांब काळं नाक. मी भीतीनं देवाचं नाव घेत होतो आणि ही बैठक संपू नये असंही वाटत होतं.

एकसष्ट साली दोघांनी ठरवलं की पावसाळ्यात गाड्या नाहीतरी उभ्याच असतात, तर दोन्हींचं काम एकदम करून घेऊ. पुण्यात नदीकाठी एक मोटारदुरुस्तीचा छोटा कारखाना होता. तिथं दोन्ही गाड्या सुट्या करायला दिल्या. बॉड्या चासीवरून उचलून वेगळ्या ठेवल्या. रंग पत्र्यापर्यंत खरवडला. गाद्या, दिवे, मडगार्ड, नावाच्या पट्ट्या, सगळं उतरवलं.

आणि जुलैत पानशेतचं धरण फुटलं.

पुण्यात त्या दिवशी काय झालं ते सांगायला माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत. मी आणि हैबतराव रस्ता सुरू झाल्यावर पोचलो. नदीकाठी भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर पाण्याची रेघ उठलेली. रस्त्यात चिखल, चिखलात भांडी, पलंग, मेलेली जनावरं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एवढी माणसं उघड्यावर पडलेली असताना आपण गाडी बघायला चाललोय याची मला लाज वाटत होती. हैबतरावांनाही वाटली असणार, कारण डॉक्टरांच्या गल्लीत ते आधी तीन दिवस नुसता चिखल उपसत राहिले आणि गाडीचं नाव काढलं नाही. डॉक्टरांचा दवाखाना पुरता गेला होता. ते घोटाभर गाळात उभे राहून लोकांना इंजेक्शनं देत होते. चौथ्या दिवशी तेच म्हणाले, "चला, एकदा बघून येऊ."

कारखान्याची पुढची भिंत पडली होती. दोन्ही चाशा जड, त्या गाळात रुतून जागेवर राहिल्या होत्या. त्यांच्यावर नंबर ठोकलेले, त्यामुळं कुठली कुणाची यात वाद नव्हता. पण बॉड्या लाकडाच्या. पाण्यानं त्या उचलल्या. एक पार वाहून गेली होती. दुसरी मागच्या भिंतीला आणि लिंबाच्या झाडाला अडकून उभी होती, चिखलानं माखलेली, पण धड.

चाशा दोन आणि बॉडी एक.

डॉक्टरांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "हैबतराव, रंग नाही, गादी नाही. मला माझी गाडी ओळखता येत नाही. तुम्हाला येते. तुम्ही सांगाल ती मला मान्य."

"तुमी बी बगा, डॉक्टरसायेब."

"नाही. तुमचाच शब्द."

हैबतरावांना ज्याच्यासाठी इतकी वर्षं लोक वेडा म्हणाले, ते सगळं त्या चिखलातल्या बॉडीत होतं किंवा नव्हतं. विलायतेतून तशी बॉडी आता मिळणार नव्हती. कंपनीनं ते काम केव्हाच बंद केलं होतं. मी त्यांच्या कानाशी लागलो. "हैबतराव, तुमचीच हाय म्हना. त्येंच्याकडं काय, दुसरी गाडी ईल. तुमच्याकडं काय हाय?" त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्यांनी एका फुटक्या घागरीतून पाणी आणलं आणि बॉडीच्या आतल्या बाजूनं लाकूड धुवायला लागले. पोराला न्हाऊ घालावं तसं, हातानं, हळूहळू. मग त्यांनी गादीमागच्या आडव्या लाकडावर बोटं ठेवली आणि डावीकडून उजवीकडं नेली. ती जागा मलाही ठाऊक होती. त्यांची बोटं तिथं आली आणि थांबली. पुन्हा मागं गेली, पुन्हा आली. लाकूड सलग होतं.

ते तिथंच चिखलात खाली बसले. म्हणाले, "ही तुमची, डॉक्टरसायेब."

"नक्की?"

"गालबोट न्हाई."

डॉक्टरांनी वाकून त्या जागेवर स्वतःचा हात फिरवला. "असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. मला राग आला होता, तो कुणाचा आला ते सांगता येत नव्हतं. पण त्या रागाच्या वर दुसरंच काहीतरी होतं. एखाद्या माणसाला एखादी गोष्ट इतकी खरी ठाऊक असू शकते की ती त्याला खोटं बोलूच देत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी टोपी काढून हातात धरली. का काढली ते विचारू नका.

इंजिन धुऊन, सुकवून सुरू व्हायला दिवाळी आली. हैबतराव नुसत्या चासीवर लाकडी खोका बांधून, त्याच्यावर बसून पुण्याहून उरवड्याला आले. दारं नाहीत, पत्रा नाही, पुढं उघडं इंजिन. पिरंगुटला माणसं हॉटेलातून उठून बाहेर आली. म्हसू माळावर भेटला, तो म्हणाला, "पाटील, आता तर कातडं बी ऱ्हायलं न्हाई हिचं." हैबतराव हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत.

हिवाळ्यात एका सकाळी डॉक्टर स्वतः गाडी घेऊन उरवड्याला आले. बॉडी चढवलेली, नवा रंग, त्यांचीच गाडी. त्यांनी किल्ली चंद्राबाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "वहिनी, ही इथं राहू दे. नमुना समोर असला म्हणजे दुसरी करता येईल. मी एस.टी.नं जातो." पुढं वर्षभर डॉक्टर एस.टी.नं आणि पायीच फिरले.

नवी बॉडी करायला पौडचा गेणबा सुतार बसला. गेणबा आमच्या भागातला नावाजलेला कारागीर, देवळांची दारं करणारा आणि तितकाच तिरसट. हैबतरावांनी त्याला सळो की पळो केलं. डॉक्टरांची गाडी समोर होती खरी, पण भुंडी तिच्यासारखी हुबेहूब नव्हती ना. इथं भुंडीची खाच खोल होती, इथं लाकूड वळणावर जाड होतं, ही फळी दोन तुकड्यांत होती. सगळं तोंडपाठ, बोटांपाठ. लाकूड मात्र सागवान. तिकडचं लाकूड इकडं कुठून आणणार? गेणबा माझ्या दुकानात येऊन ओरडायचा, "त्यो माझ्या मागं हुबा ऱ्हातो. देवाच्या दाराला इतकं न्हाई कुनी मला छळलं." पण संध्याकाळी तोही डॉक्टरांच्या गाडीतल्या एखाद्या सांध्यावर बोट फिरवत बसलेला दिसायचा. एकदा मला म्हणाला, "ह्यो माझ्यापरीस चांगला सुतार हुता." गेणबाच्या तोंडून असं वाक्य आधी कुणी ऐकलं नव्हतं.

बॉडी होत आली. गादीमागचं आडवं लाकूड बसलं. गेणबानं गिरमिट उचललं आणि विचारलं, "सांगा, कुटं पाडू तुमचं ते गालबोटाचं भोक?"

हैबतराव म्हणाले, "नगं."

चंद्राबाई म्हणाल्या, "आवं, तेवड्याचसाटी तर जीव टाकत हुता."

"आपुन पाडलं तर ती दिल्याली खून झाली," हैबतराव म्हणाले. "मेंढीच्या टाळूला कुनी डाग देतंय का?"

बोलणं बिनतोड होतं आणि त्यानं त्यांचंच नुकसान झालं. त्या दिवसापासून त्यांचा उत्साह मिटला. बॉडी पत्र्यानं मढवून चासीवर चढली, मी पावसासाठी वर ओढायचा कापडी टप शिवला, गादी शिवली, गाठी आत दडवल्या. काळा रंग आणि डावं दार तेवढं राहिलं होतं. गाव येऊन बघून गेलं आणि सगळे म्हणाले, भुंडी परत आली. हैबतराव तिच्यात बसत नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "लई चांगली झालीया. पर ही कोन हाय, नथू? भुंडी तर न्हाई. हिला नुसतं भुंडीवानी केलंय आपुन." एवढं करून माणसाला आपली वस्तू परकी वाटावी, यापरीस ती वाहून गेली तेच बरं होतं.

मग डावं दार घेतलं. बिजागऱ्या बसवायच्या होत्या. आम्ही अंगणात होतो. डॉक्टरही त्या दिवशी आलेले. गेणबा गुडघ्यावर बसून गिरमिट फिरवत होता. एकाएकी तो थांबला. मग त्यानं गिरमिट अंगणात फेकून दिलं.

भोक बोटभर खाली पडलं होतं.

गेणबा म्हातारा माणूस. "देवळाची दारं केली मी," तो म्हणाला. "कदी वाकडं भोक न्हाई पाडलं. हे लाकूड काडतो. नवं घालतो. पदरचं घालतो." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते आम्ही बघतोय याचा त्याला आणखी राग येत होता.

हैबतराव उठले. ते दाराशी जाऊन उकिडवे बसले आणि त्या भोकात त्यांनी बोटाचं टोक घातलं. मी त्यांचा चेहरा बघितला. साहेबाच्या बंगल्यामागून गाडी आणली त्या दिवशीसुद्धा तो असा नव्हता.

"काडायचं न्हाई," ते म्हणाले.

"आवं, चुकलंय ते."

"व्हय. म्हून तर." त्यांनी बोट काढलं नाही. "गेनबा, तिकडचा बी आसाच चिडला आसंल बग. त्येनं बी गिरमिट फेकलं आसंल."

गेणबानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. त्यानं विचारलं, "मंग? त्येनं काय केलं?"

"खुंटी मारली. रेगंला रेग जुळवली. रंदा मारला. आन् कुनाला सांगितलं न्हाई."

गेणबानं सागवानाचा एक बारका तुकडा उचलला, उन्हाकडं धरून त्याच्या रेषा बघितल्या आणि खुंटी तासायला घेतली. ती बसवून वरून हात फिरवला, तेव्हा मला ती दिसेना. मग बोटभर वर, बरोबर जागी भोक पाडून त्यानं बिजागऱ्या आवळल्या आणि दार बसवलं.

हैबतरावांनी दार उघडलं आणि ते गाडीत बसले.